दाबोळी ते मोपा
आज आत्याला गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरून घेऊन मोपाच्या दुसऱ्या विमानतळावर सोडलं. बेंगळुरूचं विमान दाबोळीला उतरलं आणि मुंबईचं सुटणार होतं मोपाहून. अंतर साठेक किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर दीड तास. झुआरीवरचा नवा पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची ती जीवघेणी रांग गेली, हे खरंच मोठं काम झालं. पण पर्वरी! उड्डाणपुलाच्या कामामुळे गाडी पहिल्या गिअरच्या पुढे जाईना. आत्या मांडीवरची पर्स घट्ट धरून सारखी घड्याळ बघत होती. म्हापसा मागे पडलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. धारगळहून मोपाला जाणारा रस्ता मात्र झकास.

मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू झालं, पेडणे-सावंतवाडीकडच्यांची मोठी सोय झाली. दाबोळीही हवंच. पण या दोघांमध्ये तासातासाला थेट बस हवी हो, वयस्कर माणसांनी एवढं टॅक्सीभाडं का भरायचं?

गोव्याचं तिकीट काढताना कोड नीट बघा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. एकाहून दुसरीकडे जायचं असेल तर मध्ये पाच तास तरी ठेवा. आत्या पोचली, आत्ताच फोन आला.