आण्णांना सांगितलेला आकडा

शनिवार, रात्र

आण्णांना खोटा आकडा सांगितला. बाकी सगळं खरं सांगितलं. मी घेतलेल्या जुन्या व्हॅनचं साल खरं, किलोमीटर खरे, वाटेत एकदा तापमानाचा काटा वर गेला तेही खरं. मग त्यांनी विचारलं, "केवढ्याला पडली रं?" आणि मी "तीन लाख" म्हणून मोकळा झालो. तेरा हजार आठशे युरो म्हणजे आजच्या भावाने जवळजवळ चौदा लाख. मधले अकरा लाख कुठे गेले?

ठरवून बोललो असतो तर एवढं लागलं नसतं. जीभ आपोआप वळली. फोन ठेवल्यापासून दहा वेळा मनात तेच. आण्णा पलीकडे क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "मग बरी मिळाली." त्यांचं ते "बरी" डोक्यातून जात नाही.

खरं तर आज मिरवायचा दिवस होता. गाडी खाली उभी आहे, दोन गाड्यांची जागा अडवून. मृणालने गॅलरीतून पाहिलं, "रंग बरा आहे" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला वळली. ग्रुपवर फोटो टाकला तर चार अंगठे आले आणि एकाने विचारलं, दुधाची लाइन घेतलीस का. माणूस चाळिशीत पहिल्यांदा स्वतःच्या हौसेखातर काही घेतो आणि त्याचं कौतुक करायला घरात कुणी नाही, मित्रांत कुणी नाही. ज्यांनी केलं असतं त्यांना आपणच थाप मारून ठेवली.

जाऊ दे. कौतुक नाही तर नाही, निदान लिहून ठेवतो.

गुरुवारी पहाटेच्या गाडीने हॅम्बुर्ग, तिथून लोकलने हारबुर्ग. गाडी विकणारे म्हातारबा स्टेशनवर न्यायला आले होते. अंगणात ताडपत्रीखाली ती: १९७५ ची, मर्सिडीज एल २०६ डी, खाली हिरवी, वर मलईच्या रंगाची. आत सुतारकाम त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं. दोन शेगड्यांचा ओटा, उघडून पलंग होणारं बाकडं, आणि डब्यांसाठी असे कप्पे की डबा हलायचं नाव नाही. समोर मर्सिडीजचा तारा आहे, पण हे पोर मर्सिडीजने नंतर दत्तक घेतलेलं. जन्म हारबुर्गच्या टेम्पो कारखान्यातला. आधी टेम्पो, मग हानोमाग, मग मर्सिडीज, अशी नावं बदलत १९७७ पर्यंत ही गाडी बनत राहिली.

म्हातारबा अभिमानाने म्हणाले, "इथूनच बाहेर पडली." मी म्हटलं, आमच्या भाषेत सामान नेणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला टेम्पोच म्हणतात. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग सांगितलं, १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी झाली, तुमच्या कारखान्याच्या परवान्यावर आमच्याकडे तीनचाकी धावायला लागली आणि नाव तिथेच चिकटलं. आता कंपनीचं नावसुद्धा टेम्पो राहिलेलं नाही, २००५ पासून फोर्स, पण फ्रिज घरी आणायचा तर माणूस टेम्पोच बोलावतो. ते "टेम्पोवाला, टेम्पोवाला" असं दोन-तीनदा घोळवत राहिले आणि हसले. टेम्पो हे नाव इथून पुसलं जाऊन एवढी वर्षं झाली आणि तिकडे कऱ्हाडच्या बाजारात ते रोज घेतलं जातं, हे त्यांना मनापासून आवडलं असावं. त्यानंतर घासाघीस करायला माझी जीभ वळली नाही. (एकूण या जिभेचं काहीतरी करायला हवं.)

मग त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि मला बोनेट दिसलं.

हेच मला आण्णांना सांगायचं होतं आणि नेमकं हेच राहून गेलं. इंजिन दोन सीटांच्या मध्ये, केबिनमध्येच, वर पत्र्याचं झाकण. आपली मॅटॅडोर. १९६९ पासून आकुर्डीत जी बनत होती ती हिचीच बहीण. मूळ एकच, फक्त आपल्याकडची पुढे कितीतरी वर्षं जास्त जगली. आण्णांच्या गाडीत त्या बोनेटवर गोणपाटाची चौपदरी घडी असायची आणि त्यावर दोन बारकी माणसं बसायची. कऱ्हाड ते पाटण पूर्ण भाडं, बोनेटवर बसलं तर रुपया कमी. मल्हारपेठ येईपर्यंत बूड भाजायला लागायचं, मग लोक एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला कलायचे. गिऱ्हाईक कमी असलं की तिथे मी. आता इथे त्याच जागेवर लोकरीने विणलेली गादी, कारण म्हातारबांचा कुत्रा हिवाळ्यात तिथे झोपायचा. कुत्रा गेला, केस गादीत राहिले. वास मात्र तो नाही. तिकडे डिझेल, बिडी आणि झेंडूचा हार. इकडे डिझेल आणि कुत्रा.

पाच दिवसांची तात्पुरती नंबरप्लेट घेऊन निघालो. उजव्या कडेला पिवळी पट्टी, त्यावर मुदत संपायची तारीख. सोमवारी रात्री बारापर्यंत गाडी रस्त्यावर, पुढे बेकायदा. वडापवाल्याच्या (बिनपरवाना शिटा भरणाऱ्याच्या) पोराला हे ओळखीचंच.

दोन लिटरचं डिझेल आणि साठच्या आतबाहेर घोडे, तेही पन्नास वर्षांचे. ऐंशीला गाडी खूश, नव्वदला कुरकुर. एक ट्रक दुसऱ्याला दोन किलोमीटर लावून ओव्हरटेक करतो त्याला इथे हत्तींची शर्यत म्हणतात. मी त्या शर्यतीतला मागचा हत्तीसुद्धा नव्हतो. हानोफरपर्यंत ठीक. ग्योटिंगन गेलं आणि डोंगर सुरू झाले. कासेलच्या आसपास आठ टक्क्यांपर्यंत चढ आहेत. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये, पन्नासवर, मागे ट्रकांची रांग, आणि तापमानाचा काटा हळूहळू लालकडे. म्हातारबांनी सांगून ठेवलं होतं, काटा चढला की केबिनचा हीटर पूर्ण सोडायचा, इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन वाचतं. भर जुलैत चारी खिडक्या उघड्या, हीटर फुल, मांडीशेजारी बोनेट तापलेलं, आणि मी घामाने निथळत "चल बाई, चल" म्हणतोय. कुंभार्ली घाटात आण्णा असंच म्हणायचे. फक्त त्यांच्याकडे हीटर नव्हता. ते वळणावर गाडी बाजूला लावून रेडिएटरवर ओलं पोतं टाकायचे आणि लोकांना म्हणायचे, "उतरा जरा, तिला बी दम खाऊ द्या." लग्नाच्या वऱ्हाडात एक म्हातारी प्रत्येक वळणावर... ते पुन्हा कधीतरी.

काटा उतरला. रात्री वुर्त्सबुर्गच्या अलीकडे ट्रकांच्या शेजारी गाडी लावून आतच झोपलो. झोपलो म्हणजे पडलो. बारा वाजता एकदा उठून उगाच बोनेटवर बसून आलो. पत्रा अजून कोमट होता.

तर तीन लाख.

मृणालचं म्हणणं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून तू बोललास. छान वाटतं ऐकायला, पण तसं नाही. त्यांना वाईट कशाचं वाटणार? माझ्या पगाराचा आकडा त्यांना माहीत आहे, घराच्या हप्त्यांचाही. खर्च केला म्हणून ते कधी बोलत नाहीत.

मग? २००३ मध्ये आण्णांची गाडी भंगारात गेली ती बावीस हजाराला. भंगारवाला वीसवर अडून बसला होता, आण्णांनी टायर नवे आहेत म्हणून दोन वाढवून घेतले. त्या जूनमध्ये माझं पुण्याचं ॲडमिशन होतं. असो.

म्हणजे बावीस हजार आणि चौदा लाख हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवायची माझी हिंमत झाली नाही. असंही लिहिता येईल, आणि लिहिल्यावर मी बरा मुलगा दिसतो. पण मी कसला बरा? दहावीला क्लासच्या दारात गाडी नको म्हणून स्टँडवरच उतरून चालत जाणारा तो मीच. आण्णांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, तेही मी कधी विचारलं नाही.

झोप येत नाहीये. लाइट घालवतो.


रविवार

पहाटे साडेपाचला फोन. तिकडचे नऊ. मला वाटलं काही झालं.

"आरं, रातभर डोळ्याला डोळा न्हाय माझ्या."

माझ्याही, म्हटलं. पण मनात.

झालं असं की त्यांनी काल संध्याकाळी दिन्याला बसवून मोबाइलवर या जातीच्या गाड्या शोधायला लावल्या. सगळ्या दहा हजार, बारा हजार, पंधरा हजार युरो. दिन्याने हिशेब करून दिला. "समद्या धा लाखाच्या म्होरं. आन् तुला तीनला दिली? त्यो म्हातारा काय येडा हाय? कायतरी गोम हाय गाडीत. चॅसी सडलेली असणार. रंग मारून दिली तुला."

मी म्हटलं, आण्णा, पासिंग आहे, अजून वर्षभर.

"पासिंग काय, आमच्या बी गाडीचं व्हायचं."

यावर काय बोलणार? मी म्हटलं म्हातारबा चांगले होते, कारखान्याच्या गावचेच. तर म्हणाले, चांगला माणूस गाडी तीनला देत नसतो. मग त्यांनी कामं सांगितली. पुढच्या चाकांच्या वर, पायदानाच्या खाली, आणि मागच्या क्रॉस मेंबरला हातोडीने ठोकून बघायचं. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, सडलेला पत्रा ठप्प. व्हिडिओ काढून पाठवायचा, आवाजासकट.

आज रविवार आहे, म्हटलं, इथे रविवारी ठोकाठोक चालत नाही, शेजारी तक्रार करतील. आण्णांना हे पटलं नाही. गेली बारा वर्षं मी या देशाबद्दल जे जे सांगितलं त्यातलं त्यांना सगळ्यात खोटं वाटलेलं हेच असावं.

फोन ठेवला आणि मला हसू आलं. मृणाल जागी झाली. तिला सांगितलं तर ती उशीत तोंड खुपसून हसत होती. मी बापाला वाचवायला (किंवा स्वतःला, ते अजून ठरत नाही) खोटं बोललो आणि आता बाप माझ्या फसवणुकीच्या काळजीने रात्र जागतोय. खरं सांगितलं असतं तर "बरी मिळाली" म्हणून निवांत झोपले असते. चौदा लाख हा त्यांच्या हिशेबाने वाजवी भाव निघाला! जी लाज मी दोन दिवस चघळतोय ती त्यांच्याकडे शिल्लकच नाही. त्यांना पत्र्याची काळजी.

दुपारी पुन्हा मेसेज, दिन्याच्या फोनवरून: "इंजिनाचा फोटु पाठव." बोनेट उचलून पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "आपल्यासारकंच हाय." मग अर्ध्या तासाने आणखी एक: "बोनेटवर ती गादी कसली?"

कुत्र्याची, असं लिहिलं.

त्याला उत्तर आलं नाही. बहुतेक दिन्याला वाचून दाखवताना हसू आवरलं नसेल. किंवा आण्णांना नसेल आवडलं. आपल्याकडे त्या जागेचा रुपया कमी घ्यायचे.

संध्याकाळी सांगून टाकावं म्हणून फोन हातात घेतला. "आण्णा, तीन नाही, चौदा." एवढंच तर वाक्य आहे. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, काल का न्हाय सांगितलंस? त्याचं उत्तर माझ्याकडे असतं तर दोन रात्री हे कशाला लिहीत बसलो असतो.


सोमवार

दहा वाजता आरटीओची अपॉइंटमेंट. तीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे शेवटी एच लिहिलेली प्लेट मिळते, मग वर्षाला १९१ युरो ठरलेला कर आणि धुराच्या नियमातून शहरात मोकळीक. जुनी मॅटॅडोर धूर सोडते म्हणून आपल्याकडे हाकलून दिली, इथे त्याच वयाची पूजा. आण्णांना हे सांगणार नाही. किंवा हेच आधी सांगेन, बघू.

त्याआधी, आठ वाजता, शेजारी कामावर गेल्यावर, चटई टाकून गाडीखाली शिरलो. एका हातात हातोडी, दुसऱ्यात मोबाइल. मृणाल चहा घेऊन गॅलरीत. डाव्या चाकाच्या वर, ठण्ण. उजव्या, ठण्ण. क्रॉस मेंबर, ठण्ण, अगदी देवळातल्या घंटेसारखा. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, बघा आण्णा. मग ड्रायव्हरच्या पायदानाखाली मारली.

ठप्प.

पुन्हा मारली. ठप्प, आणि चिमूटभर तांबडा भुगा माझ्या चष्म्यावर.

व्हिडिओ तसाच पाठवला, आवाजासकट. मिनिटभरात फोन. आण्णांचा आवाज एवढा खूश मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. "सांगितलं नव्हतं? तरीच म्हटलं तीनला कशी! आता असं कर, पन्नास हजार परत माग त्याच्याकडनं. न्हायतर पाच हजाराचा पत्रा हाय, कापून नवा मारायचा. तीनला हाय तवर काय वंगाळ न्हाय गाडी."

"बरं," म्हटलं.

चटईवर तसाच उताणा पडून आहे. हे मोबाइलवरच टाइप करतोय, चष्मा पुसायचाय. भोक तीन लाखांच्या हिशेबाने लहान आहे आणि चौदाच्या हिशेबाने मोठं. नऊ वाजले. मृणाल वरून विचारतेय, किती वेळ.