‘रेडिओ कुठला घेऊ?’ : तुम्ही विचारलंत म्हणून

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘रेडिओ कुठला घेऊ?’ तुम्ही विचारलंत म्हणून उत्तर देतो, पण सुरुवात तारेपासून, म्हणजे अँटेनापासून. १०० वॅटच्या दोन बऱ्या एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे शॉर्टवेव्ह) सेटांमधला फरक पलीकडच्या स्टेशनला बहुधा कळतही नाही. अँटेना बदललीत तर पलीकडचा लगेच विचारतो, ‘काय केलंत?’

साधा हिशोब पाहा. एस-मीटरवरचं (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्यावरचं) एक घर म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे चौपट शक्ती. १०० वॅटचे ४०० केलेत, तर समोरचा काटा एकच घर सरकतो. पण १४ मेगाहर्ट्झचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली दोन हातांची तार) ५ मीटरवरून १० मीटरवर चढवला की आकाशात सरळ वर वाया जाणारी ऊर्जा क्षितिजाकडे वळते, तीही एक वॅट न वाढवता. उलट ७ मेगाहर्ट्झचा डायपोल ६-७ मीटरवर असेल तर तो जवळपास सरळ वर फेकतो, आणि ते वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून आसपासच उतरतं. दिवसा ३००-४०० किलोमीटरच्या गप्पांना हे उत्तमच, त्याला दोष म्हणू नका.

डायपोल घरी करा. १४३ला मेगाहर्ट्झने भागलं की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१साठी २०.१४, म्हणजे प्रत्येक हात १०.०७ मीटर. तार मात्र १०.५ मीटर घ्या. जास्तीची तार कापू नका. टोकाच्या इन्सुलेटरमधून मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळा. प्रत्येक बाजूला ५ सेंटिमीटर कमी केलं की रेझोनन्स (अँटेना जिथे जुळते ती फ्रिक्वेन्सी) साधारण ३५ किलोहर्ट्झ वर सरकतो. प्लास्टिकचं आवरण असलेली तार २-३ टक्के आखूड लागते, सूत्र उघड्या तारेचं आहे. अँटेना अंतिम उंचीवर नेऊनच मोजा. खाली जमवलेलं माप वर गेल्यावर बिघडतं.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) १.५ आला की थांबा. २ असला तरी परत येते फक्त ११ टक्के शक्ती, आणि १.१साठी गच्चीवर दिवसभर चढउतार करण्यात काही अर्थ नाही. डमी लोडचा (शक्ती नुसती उष्णतेत घालवणाऱ्या रोधाचा) एसडब्ल्यूआर १ असतो, पण त्यावर कुणाशी बोलता येत नाही. शिवाय लांब, खराब कोॲक्स (सेटपासून अँटेनापर्यंतची, आत जाळी असलेली केबल) परत येणारी शक्तीही गिळते, त्यामुळे सेटजवळचा मीटर खोटं गोड बोलतो. मोजायचं असेल तर केबल अँटेनाला जोडते तिथे मोजा.

केबलवर कंजुषी करू नका, पण कुठे ते समजून घ्या. ३० मीटर आरजी-५८ या बारीक कोॲक्समध्ये ७ मेगाहर्ट्झवर एखादा डेसिबल जातो, चालतं. तीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर ६ डेसिबल खाते: ५० वॅट पाठवलेत, वर पोचले साडेबारा. तिथे जाड आरजी-२१३ किंवा त्याहून चांगली हवी.

डायपोलच्या मध्यावर चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) हवाच. ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या फेराइट रिंगवर आरजी-५८चे १०-१२ वेढे पुरतात. तो नसेल तर कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू अँटेनाचा तिसरा हात होऊन बसते. मग माइकला हात लावला की चटका बसतो, केबल हलवली की एसडब्ल्यूआर बदलतो आणि घरातल्या चार्जरांची खरखर थेट रिसीव्हरमध्ये येते. बाहेरच्या जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप आणि वरून साधी इन्सुलेशन टेप. पाणी आत गेलं की जाळी काळी पडते, आणि ती केबल पुन्हा सुकवून वापरता येत नाही.

वीजपुरवठ्याकडे फार कमी लोक बघतात. १०० वॅटचा सेट बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या ३ मीटर जोडतारेत जाऊन-येऊन जवळपास ०.९ व्होल्ट पडतात. ६ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.४च्या खाली. व्होल्टेज कोसळलं की आवाज फाटतो आणि दोष माइकला दिला जातो. फ्यूज दोन्ही तारांवर, पुरवठ्याच्या टोकाला. खरखर घरातलीच आहे का हे बघायचं तर सेट बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. गप्प झाली तर एकेक एमसीबी चालू करत चोर पकडा.

आता सेट. तो तुम्ही हवेत काय करणार त्यावर ठरतो. मोर्स आवडत असेल तर ५०० हर्ट्झचा फिल्टर आणि अक्षरांच्या मधल्या फटीत ऐकू देणारं फुल ब्रेक-इन बघा. ५ वॅटही बराच पल्ला गाठतात. एफटी-८ (संगणकाने पाठवायचे छोटे डिजिटल संदेश) करायचं असेल तर साउंड कार्ड आत असलेला, एकाच यूएसबी केबलने जोडला जाणारा सेट सोपा. त्यात घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं, ऑडिओ एएलसीचा (शक्ती आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा हलणार नाही इतका कमी आणि शक्ती ३०-४० वॅट, कारण सलग १३ सेकंदांचं ट्रान्समिशन सेट तापवतं.

उपग्रहांसाठी एचएफ सेट लागतच नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर (ऐकलेलं लगेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पाठवणारा सेट) चालू असतो तेव्हा १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७ हर्ट्झ टोन (रिपीटर उघडणारा सूर) लावून बोलायचं, ४३७.८००वर ऐकायचं. डॉप्लरमुळे (स्थानकाच्या वेगाने फ्रिक्वेन्सी सरकते) ऐकणं ४३७.८१०वर सुरू होतं आणि दहाएक मिनिटांत ४३७.७९०वर संपतं. स्वतःला ऐकत बोलायचं तर हातातले दोन सेट घ्या. मात्र १४५.९९०ची तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) ४३७.९७०वर पडते, त्यामुळे बटण दाबताच तुमचाच रिसीव्हर बहिरा होतो. अँटेनाशी चांगला डिप्लेक्सर (दोन बँड वेगळे करणारा फिल्टर) लावला की फरक पडतो. आणि हातातल्या यागीवर (एका दिशेला रोखायच्या काड्यांच्या अँटेनावर) आवाज मध्येच विरला तर सेटची बटणं फिरवण्याआधी मनगट ९० अंशांत फिरवून बघा.