मेल्यावरही नांगरणी: लक्सरची चित्रसहल

इजिप्तमध्ये लक्सरला नाईल ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर गेलं की पुढचा सगळा मुलूख मेलेल्यांचा. पूर्वेला देवळं, बाजार, रेल्वे स्टेशन. पश्चिमेला उसाची शेतं संपली की एकदम उघडेबोडके डोंगर आणि त्यांच्या पोटात थडगी. सूर्य तिकडे मावळतो, म्हणून परलोकाचं दारही तिकडेच. मी मुक्काम मुद्दाम याच बाजूला ठेवला होता, कारण मला इजिप्तच्या मरणोत्तर जगावर डिजिटल चित्रांची मालिका करायची होती. या विषयावरची जी चित्रं ऑनलाइन सारखी समोर येतात, ती मला कधीच पटली नाहीत. जांभळा अंधार, हवेत सोनेरी धुरळा, दंड फुगवलेला अनुबिस, म्हणजे कोल्ह्याच्या तोंडाचा मृतांचा देव. मूळ भिंतींवर हे असलं काही आहे का, ते डोळ्यांनी बघायचं होतं.

सुरुवात केली व्हॅली ऑफ द किंग्जमधल्या, म्हणजे राजांच्या थडग्यांच्या दरीतल्या, राजा तिसऱ्या थुटमोसच्या थडग्यापासून. यादीतला त्याचा क्रमांक केव्ही ३४. ते दरीच्या टोकाला, कड्यात उंचावर आहे. आधी लोखंडी जिना चढायचा आणि मग डोंगराच्या आत तेवढंच खाली उतरायचं. गुडघ्यांचा हिशोब आधीच करून ठेवा. आत हवा कोंदट, चष्म्यावर वाफ. पण दफनाच्या दालनात पाऊल टाकलं आणि मी तिथेच खिळले. दालनाला कोपरेच नाहीत. राजाचं नाव ज्या लांबट गोल चौकटीत लिहीत, त्याच आकाराचं ते कोरलंय. भिंतींचा रंग जुन्या पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या त्यांच्या कागदाचा, आणि त्यावर काळ्या-लाल रेघांत काढलेली काड्यांची माणसं!

खरंच काड्यांची. रेघेचं अंग, रेघेचे हातपाय, वर एक डोकं. हा आम्दुआत नावाचा ग्रंथ, म्हणजे सूर्यदेव रा याचा रात्रीच्या बारा तासांचा प्रवास. पपायरसची गुंडाळी उलगडून भिंतीला लावावी तसा तो खोलीभर पसरलाय. पाचव्या तासात सोकर देवाची वाळूची गुहा, सहाव्यात रा आणि मृतांचा राजा ओसायरिस यांची भेट, सातव्यात राची होडी अडवणारा अपोफिस साप. या सापासमोर मी बराच वेळ उभी होते. त्याच्या अंगात सुऱ्या खुपसल्यात, पण रक्त नाही, आरडाओरडा नाही. सुऱ्याही नीट अंतर राखून, एकसारख्या. तिथे रात्र दाखवायला कुणी काळा रंग फासलेला नाही. रात्र कुठे वळते, कुठे अडते, कुणाला काय म्हणून पुढे जायचं, एवढं राजाला कळलं की झालं. हा सगळा नकाशा आहे, देखावा नव्हेच. बाहेरच्या दालनात तर सातशेहून जास्त देवतांची नावानिशी यादी काढून ठेवलीय.

त्याच दरीतल्या राजा पहिल्या सेतीच्या थडग्याला वेगळं, भरमसाट तिकीट आहे. तरीही गेले, कारण तिथे एक अर्धवट राहिलेलं दालन आहे. आकृत्या नुसत्या रेषांत आहेत, कोरायच्या राहून गेल्यात. त्या काळी आधी लाल रेघेत कच्चं रेखाटन व्हायचं, मग वरच्या हाताचा माणूस काळ्या रेघेने दुरुस्ती करायचा आणि मगच छिन्नी लागायची. माणसाच्या प्रमाणासाठी चौकटी आखलेल्या असत. उभा माणूस पायापासून कपाळाच्या केसांपर्यंत अठरा चौकटींचा. प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये मी त्याच संध्याकाळी अठरा चौकटींची ग्रिड बनवली, खालच्या लेयरवर लाल ब्रश आणि वरच्यावर काळा. (काम सगळं रात्री गच्चीवर. दुपारच्या उन्हात आयपॅड तापून अंधारतो आणि स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं.)

पण या सहलीतलं माझं सगळ्यात लाडकं ठिकाण राजाचं नाहीच. ते आहे देर एल-मदिना, ही थडगी खोदणाऱ्या-रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव. तिकीट वाटेत, मेम्नॉनच्या पुतळ्यांजवळच्या खिडकीवर काढावं लागतं. गावाच्या भिंती आता कमरेएवढ्याच उरल्यात, पण घरं, ओटे, गल्ली सगळं कळतं. याच लोकांनी तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी धान्याचा पगार थकला म्हणून काम बंद पाडलं होतं. फ्रीलान्सर म्हणून मला तिथे नमस्कार करावासा वाटला.

गावाला लागूनच सेनेजेमचं थडगं आहे. १८८६ साली सापडलं तेव्हा ते जसंच्या तसं होतं. जेमतेम पाच मीटर लांबीची कमानदार खोली आणि आत पाऊल टाकताच पिवळा रंग अंगावर येतो. पूर्वेच्या भिंतीवर इआरूचं शेत, म्हणजे इजिप्तचा स्वर्ग. चहूकडे निळे कालवे, मध्ये सेनेजेम विळ्याने कणसं कापतोय आणि त्याची बायको इयनेफेर्ती मागून टोपलीत गोळा करतेय. खाली तो ठिपक्यांच्या गुरांची जोडी जुंपून नांगर धरतोय, ती बी पेरतेय. दोघांच्याही अंगावर पांढरंशुभ्र, चुण्यांचं लिननचं वस्त्र. लग्नाला निघावं अशा कपड्यांत नांगरणी! कपड्यांवर मातीचा एक डाग नाही. पिकाची ताटं माणसाएवढी उंच. अगदी खाली खजुराची झाडं आणि फुलांची रांग. सावली मात्र कशाचीच नाही.

रखवालदार बक्षिसाच्या आशेने टॉर्च कालव्यावर धरत होता, त्यामुळे निळा जवळून बघता आला. वाळू, चुना, तांब्याचं खनिज आणि क्षार एकत्र भाजून बनवलेला हा कृत्रिम रंग. ब्रशचे फटकारे चक्क दिसतात, कडेला दाट, मध्ये विरळ. मला हवा होता तो पोत हाच.

राजाच्या थडग्यात साप, दारं, पहारेकरी, मंत्र. कारागिराच्या थडग्यात बायको, गुरं, भरपूर पाणी. क्लायंटचं काम आणि स्वतःचं काम यांतला फरक इतका उघड मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

तिथून थोडं उत्तरेला टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातलं, हाथोर देवीचं छोटं मंदिर आहे. बरेच लोक ते टाळतात. टाळू नका. आतल्या एका गाभाऱ्यात मेलेल्याचं हृदय तोलण्याचं दृश्य कोरलंय. एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात सत्याची देवता मात. अनुबिस आणि होरस तराजूपाशी, थोथ हिशोब लिहितोय (चित्रगुप्ताची आठवण येतेच), वर बेचाळीस न्यायाधीश ओळीने बसलेत. आणि ती अम्मित. तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय जड निघालं की ती गिळणार. चित्रकार तिला नेहमी अक्राळविक्राळ करतात. इथे ती गपचूप बसून वाट बघतेय, आणि त्यामुळेच जास्त भीती वाटते.

माझ्या मालिकेत आता ग्लो नाही, धुकं नाही, सावली नाही. गेरूचा लाल, पिवळा, काळा, पांढरा, हिरवा आणि तो निळा, बस. ओसायरिस हिरवा, कारण तो उगवणाऱ्या पिकाचा देव. अनुबिस काळा, नाईलच्या सुपीक गाळासारखा. अम्मित चौकटीच्या कोपऱ्यात, लहानशी. मोठ्या चित्रात सेनेजेम-इयनेफेर्तीची नांगरणी आहे, त्याच अठरा चौकटींच्या मापात.

पहिली चौकशी आली ती एका पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी. चित्र आवडलं म्हणाले, फक्त अनुबिस जरा मोठा करता येईल का आणि मागे थोडा जांभळा प्रकाश. त्यांच्यासाठी वेगळी फाइल केलीय.