चार ए सी आला कुठून?

रात्रशाळेत दहावीला बसलो तेव्हा वर्गसमीकरणात मला मधल्या पदाची फोडच आवडायची. गुणाकार जुळला, बेरीज जुळली की काम फत्ते. मग २एक्स² + ५एक्स − ४ = ० आलं. गुणाकार हवा वजा आठ, बेरीज पाच. आठ-एक घेतले तर सात येतात, चार-दोन घेतले तर दोन. जोडी मिळेचना.

सर म्हणाले, "सूत्रात घाल." एक्स²चा गुणक ए, एक्सचा बी, सुटी संख्या सी. सूत्र तोंडपाठ होतं: वजा बी, अधिक-उणे वर्गमुळात बी वर्ग वजा चार ए सी, छेद दोन ए. इथे सी वजा चार, म्हणून वजा चार ए सी होतं अधिक ३२. वर्गमुळातली संख्या, म्हणजे विवेचक, २५ अधिक ३२, म्हणजे ५७. पूर्ण वर्ग नाही, मग फोड होणार कशी!

उत्तर आलं, पण त्या चारचं कोडं सुटेना. पुस्तकात सूत्र काढताना आधी ए ने भागतात, मग अपूर्णांकावर अपूर्णांक चढतात. ओळ न् ओळ पटते, वही मिटली की सगळं गायब. सरांनी मग जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची रीत दाखवली. भागायचं नाही, उलट चार ए ने गुणायचं. इथे आठने:

१६एक्स² + ४०एक्स = ३२

दोन्हीकडे बी वर्ग, म्हणजे २५ मिळवले:

(४एक्स + ५)² = ५७

वर्गमूळ घेतलं, पाच पलीकडे नेले, चारने भागलं. झालं की सूत्र! एकही अपूर्णांक नाही. चार ए सी कुठून आला तेही समोरच दिसतं.

ही रीत भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त श्रीधरांच्या नावानिशी दिली आहे. त्यांची माकडांची गणितं तर झकास. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळतायत, उरलेली १२ टेकडीवर, एकूण किती? एक्स² − ६४एक्स + ७६८ = ०, विवेचक १०२४, उत्तरं ४८ आणि १६. दोन्ही चालतात.

दुसऱ्यात पंचमांशातून तीन वजा करून वर्ग केला तेवढी गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. मुळं ५० आणि ५. पण पाचाचा पंचमांश एक, त्यातून तीन माकडं काढणार कुठून? भास्कराचार्यांनीही पाच सोडून दिले. सरांनी त्यापुढे 'पण माकडांची संख्या ऋण नसते' ही ओळ मुद्दाम लिहायला लावली. बोर्डात असल्या ओळीलाही अर्धा गुण मिळतो म्हणे.