तिसरा डाऊन, सतरा यार्ड

अमेरिकेतल्या बॅटन रूजमध्ये शनिवारी संध्याकाळी किराणा आणायला बाहेर पडायचं नाही, हे इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं. लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची, म्हणजे एलएसयूची फुटबॉल मॅच असली की सगळे रस्ते टायगर स्टेडियमकडे वळतात. त्या स्टेडियमची क्षमता १,०२,३२१. आतल्या गर्दीशिवाय बाहेरच्या हिरवळीवर तंबू ठोकून बसलेली माणसं वेगळीच. गुऱ्हाळातल्या काहिलीची आठवण व्हावी असल्या भांड्यांत सॉसेज घातलेला जांबालाया भात शिजत असतो आणि ओळख नसली तरी हातात ताटली येते.

मी कोल्हापूरची. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की घरातली शांत माणसंही कशी बदलतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळे पेठेच्या नावानं जीव टाकणं मला नवं नव्हतं. खेळ मात्र नवा होता. इथला फुटबॉल हातात धरून पळण्याचा आणि फेकण्याचा. चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये दहा यार्ड पुढं सरकलात तर पुन्हा चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्या संघाला. म्हणजे वीतभर जमिनीसाठीची लढाई. एवढं कळलं की पुढचं बघता बघता कळत जातं.

हे सगळं मला आमच्या शेजारच्या आजोबांनी शिकवलं. रिफायनरीत आयुष्य काढून निवृत्त झालेले. इथं मोठ्या माणसाला पहिल्या नावामागे ‘मिस्टर’ लावून हाक मारतात, मी बाहेर तसंच म्हणते, पण घरात आमच्यासाठी ते आजोबाच.

त्यांच्या मते एलएसयूचा फुटबॉल म्हणजे ताकदीचा खेळ. डिफेन्स, म्हणजे समोरच्याला अडवणारी फळी, अभेद्य ठेवायचा, ऑफेन्सनं, म्हणजे चढाई करणाऱ्या फळीनं, चेंडू पोटाशी धरून मधूनच घुसायचं, दोन-तीन यार्ड, पुन्हा दोन-तीन यार्ड, समोरचा दमेपर्यंत. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्या मैदानावर हरवलं ते ९-६ असं. दोन्ही संघ मिळून एकही टचडाउन नाही, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेघेपार कुणीच नेला नाही, नुसते लाथेनं मारलेले फील्ड गोल. आजोबा त्या मॅचबद्दल एखाद्या जुन्या कुस्तीबद्दल बोलावं तसं बोलतात. पण दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१२ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी तेच दोन संघ पुन्हा भिडले आणि एलएसयू २१-० अशी हरली. मैदानाची मधली रेघ त्यांना त्या रात्री फक्त एकदा ओलांडता आली. तिथून अलाबामासमोरच्या पराभवांची रांगच लागली. २०१८ पर्यंत सलग आठ.

त्यातला आठवा मी स्वतः स्टेडियममध्ये बसून पाहिला. ३ नोव्हेंबर २०१८, घरचं मैदान, २९-०. पळून काढलेले एकूण यार्ड होते बारा. साठ मिनिटांच्या खेळात बारा यार्ड. पळण्यावरच ज्या संघाची सगळी भिस्त, त्याचे बारा यार्ड. परतताना एवढ्या गर्दीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आजोबा गाडीपाशी येऊन थांबले आणि म्हणाले, “पोरं कमी पडली नाहीत. पद्धत जुनी झाली.” हे त्यांच्या तोंडून ऐकणं मला त्या स्कोअरपेक्षा जड गेलं.

मुख्य प्रशिक्षक होते एड ओर्जेरॉन. याच राज्यातल्या लरोझ या बायूच्या, म्हणजे संथ पाण्याच्या ओढ्याच्या, काठच्या गावचे, आवाज घोगरा, बोली अस्सल केजन, म्हणजे इथल्या फ्रेंच वंशाच्या लोकांची, त्यामुळे लोकांना ते घरचे वाटत. डिफेन्सच्या पुढच्या फळीचे प्रशिक्षक म्हणून घडलेला माणूस. अशा माणसानं ठरवलं की आता आपला ऑफेन्स मुळापासून बदलायचा. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी जो ब्रेडी नावाच्या तरुणाला आणलं. वय २९. तोवर तो दीड तासावरच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघात साहाय्यक होता, फार कुणाला नावही ठाऊक नव्हतं. एलएसयूत त्याच्याकडे पासिंगची जबाबदारी आली.

पण ऑफेन्सचे प्रमुख होते, आणि राहिले, स्टीव्ह एन्समिंगर. साठीला आलेले, बॅटन रूजचेच, सत्तरच्या दशकात याच संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन फेकणारा मुख्य खेळाडू. आजोबांनी त्यांना खेळताना पाहिलेलं. त्यामुळे ती बातमी त्यांना अजिबात रुचली नाही. “आपल्या माणसाच्या उरावर पोरगं आणून बसवलं,” असं ते कुंपणापलीकडून दोन-तीनदा तरी म्हणाले असतील.

एप्रिलमध्ये सराव सत्राच्या शेवटी संघाचे खेळाडू आपापसांत मॅच खेळतात, तिला स्प्रिंग गेम म्हणतात. हाच क्रॉफिशचाही हंगाम. कोळंबीएवढे, पण नांग्या असलेले हे जीव इथल्या भातखाचरांत पाळतात. पोत्यानं आणायचे, मसाल्याच्या पाण्यात बटाटे-मक्याबरोबर उकळायचे आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओतायचे. त्या दिवशी आजोबांच्या अंगणात तसंच सगळं मांडलं होतं. मी विचारलं, नवीन पद्धत म्हणजे नेमकं काय? त्यांनी हात पुसले आणि वाफाळत्या ढिगातून पाच बटाटे उचलून ओळीत ठेवले.

“हे पाच लाइनमन. यांना चेंडू झेलायचा नाही, नुसतं अडवायचं.” मधल्या बटाट्याला चिकटून मागं मक्याच्या कणसाचा तुकडा, तो क्वार्टरबॅक. त्याच्या मागं एकाखाली एक आणखी दोन तुकडे, फुलबॅक आणि चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक. एक तुकडा बटाट्यांच्या शेजारी, दोन लांब कडेला. झाले अकरा. “हे आपलं जुनं घर,” ते म्हणाले. सगळी गर्दी मध्ये. समोरचाही मग मध्येच गर्दी करतो, आणि शेवटी ज्याची हाडं मजबूत तो जिंकतो.

मग त्यांनी फुलबॅकचा तुकडा उचलून कडेला ठेवला. क्वार्टरबॅकला चार-पाच पावलं मागं ओढलं. रनिंग बॅकला त्याच्या बाजूला उभं केलं आणि लगेच त्यालाही बोटानं पुढं सरकवलं. आता झेलणारे पाच जण पाच दिशांना सुटलेले. वर्तमानपत्रावर मघाशी जे पसाभर जागेत होतं ते टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरलं. समोरच्या अकरा जणांनी आता एवढं मैदान झाकायचं कसं? कुठंतरी फट पडणारच, आणि जिथं फट तिथं चेंडू.

“आणि याला कोण राखणार?” मी क्वार्टरबॅककडे बोट दाखवलं. मागं तर आता कुणीच उरलं नव्हतं.

“कुणीच नाही,” आजोबा म्हणाले. “यानं तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि फेकायचं. दोन-अडीच सेकंदं.”

सगळी जोखीम त्या एका तुकड्यावर होती. त्याचं नाव जो बरो. मूळ ओहायोचा, ओहायो स्टेटमध्ये बाकावर वर्षं काढून २०१८ मध्ये इथं आलेला. पहिल्या हंगामात त्याचे शंभरातले ५८ पास लागले, टचडाउनचे पास १६. बरा, पण नाव घ्यावं असा नाही. नव्या पद्धतीत त्याच्याकडून आणखी एक अपेक्षा होती. काही चालींत चेंडू हातात आल्यावरच त्यानं ठरवायचं. समोरच्या एका ठरावीक खेळाडूवर नजर ठेवायची. तो पुढं धावून आला तर त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत पास, जागेवर थांबला तर चेंडू रनिंग बॅकच्या पोटात. म्हणजे मैदानाबाहेर बसलेला प्रशिक्षक निम्मा निर्णय एका पोराच्या हाती सोपवतो. प्रत्येक चालीआधी घोळका करून बोलणंही जवळजवळ बंद. समोरच्यानं श्वास घ्यायच्या आत पुढची चाल.

मला या सगळ्यात खरं अप्रूप वाटलं ते दोन मोठ्या माणसांचं. एलएसयूला हा बदल वर्षानुवर्षं सुचवला जात होता, बोलूनही दाखवला जात होता, आणि तरी होत नव्हता. कारण तो करायचा तर कुणीतरी आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवावी लागते. एन्समिंगरनी ती सरकवली. चाली जाहीर करण्याचं काम त्यांच्याकडेच राहिलं, पण त्या चालींच्या वहीत निम्म्या वयाच्या माणसाची पानं त्यांनी मनापासून लावून घेतली. आणि ओर्जेरॉन! ओल मिसमध्ये, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात, मुख्य प्रशिक्षक म्हणून तीन वर्षांत २५ पराभव पाहून नोकरी गमावलेला माणूस. अशा माणसानं हाताशी आलेलं सुरक्षित काहीतरी घट्ट धरून ठेवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. २०१८ चा हंगाम काही वाईट नव्हता, १३ पैकी १० मॅच जिंकलेल्या. तेवढं जमत असताना घडी मोडायला छाती लागते.

उन्हाळा इथं कोकणातल्या मे महिन्यासारखा. अंगाला चिकटणारी हवा, दुपारी गडगडाट, पाऊस, पुन्हा ऊन. त्यात ती पोरं सराव करत होती. आजोबांचा संशय मात्र ऑगस्टपर्यंत कायम. पहिली मॅच ३१ ऑगस्टला, जॉर्जिया सदर्नविरुद्ध, ५५-३. पूर्वार्धातच बरोचे पाच टचडाउन पास. आजोबा म्हणाले, समोरचा संघ लहान होता.

पुढच्या शनिवारी ऑस्टिनला टेक्सासविरुद्ध मॅच. ती आम्ही त्यांच्याच दिवाणखान्यात पाहिली. ही मॅच मी कधी विसरणार नाही. एलएसयू ३७-३१ पुढे. घड्याळात अडीच मिनिटांच्या आसपास. चेंडू आपल्याकडे, पण तिसरा डाऊन, आणि मागं सरकावं लागल्यानं दहाऐवजी सतरा यार्ड काढायचे. अशा वेळी जुनी रीत ठरलेली होती. मधून पळायचं, घड्याळ चालू ठेवायचं, चौथ्या डाऊनला चेंडू लांब लाथाडायचा आणि उरलेलं डिफेन्सवर सोडायचं. ताकदीच्या खेळात हेच शहाणपण. आजोबा खुर्चीच्या टोकावर येऊन म्हणत होते, “पळा, पळा, फेकू नका.” पास हुकला तर घड्याळ थांबतं, टेक्सासला आयती वेळ मिळते.

चेंडू बरोच्या हाती आला. टेक्सासनं माणसं अंगावर सोडली. बरो एक पाऊल पुढं, जरा डावीकडं सरकला, आणि त्यानं फेकला. जस्टिन जेफरसननं तो झेलला आणि पळतच सुटला. ६१ यार्ड. टचडाउन. मॅच ४५-३८ अशी संपली.

घरात आरडाओरडा चालला होता आणि आजोबा हळूच परत मागं टेकले. “त्यांना खरंच वाटतंय ते,” एवढंच म्हणाले. मला ते आधी कळलं नाही. नंतर उमगलं. पुढे असताना, धोका असताना, लोक पुन्हा जुन्याच रस्त्याला लागतात. ज्यांचा नव्यावर नुसता तोंडदेखला विश्वास असतो ते तर हमखास. त्या क्षणी ती चाल लावणं म्हणजे उन्हाळ्यात जे बोललो ते खरंच म्हणत होतो, असं सांगणं होतं.

पुढचं सगळ्या देशानं पाहिलं. ९ नोव्हेंबरला अलाबामाला त्यांच्या घरात ४६-४१. आठ पराभवांची ती रांग तिथं तुटली. वर्षअखेर बरोचे शंभरातले ७६ पास लागलेले, टचडाउन पास ६०. आदल्या वर्षीचे १६ आठवून बघा. माणूस तोच, हात तोच. आणि ज्यांना वाटत होतं की आता पळणं संपलं, त्यांच्यासाठी क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर नावाचा बुटका रनिंग बॅक १,४१४ यार्ड पळाला. मैदान पसरलं तशी त्यालाही वाट मिळाली. १३ जानेवारी २०२० ला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालं, क्लेम्सनविरुद्ध ४२-२५. तेही न्यू ऑर्लिन्सच्या त्याच सुपरडोममध्ये, जिथं मधली रेघ एकदाच ओलांडता आली होती. पंधरापैकी पंधरा मॅच, एकूण ७२६ गुण.

त्या रात्री शहर झोपलं नाही. तरी त्या हंगामाचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांसमोर त्याआधीची मॅच येते. २८ डिसेंबर, अटलांटा, ओक्लाहोमाविरुद्ध उपांत्य सामना. त्या सकाळी लफायेतमध्ये एक छोटं विमान कोसळलं. ते याच मॅचला निघालं होतं आणि त्यात एन्समिंगरांची सून होती, क्रीडा पत्रकार. पाच जण गेले. मॅच सुरू व्हायच्या आधी ओर्जेरॉननी एन्समिंगरना ते सांगितलं. परत जाता आलं असतं. पण एन्समिंगर वर आपल्या खोलीत गेले, कानाला हेडसेट लावला आणि चाली देऊ लागले.

पूर्वार्धात सात टचडाउन पास झाले. प्रत्येक वेळी आजोबा नेहमीप्रमाणे उठून उभे राहत होते, पण ओरडत नव्हते. एकदा कॅमेरा त्या काचेमागच्या खोलीवर गेला. साठीचा माणूस, डोळे मैदानावर, ओठ हलताहेत. आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. त्यानंतर बराच वेळ आम्ही तसंच बघत बसलो. खाली पाच जण पाच दिशांना पांगत होते आणि चेंडू दर वेळी बरोबर फटीत पडत होता.