लगामाची कडी

बेळगावच्या खडेबाजारात मी चामडी बॅगा दुरुस्त करतो. गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या एक बाई, परदेशातल्या बहिणीने पाठवलेली बॅग घेऊन आल्या. बादलीच्या घाटाची, तोंडाशी नाडीने आवळायची. आणि पट्टा जोडलेला होता तिथे दोन्ही अंगांना, घोड्याच्या तोंडात देतात तसले पितळी कडियाळे. "काका, एका बाजूची कडी पट्टीसकट निघाली. एका दुकानात रिव्हेट मारून घेतला, तर चामडंच फाटलं," हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता.

पॅरिसचे हर्मेस घराणे १८३७ साली घोड्यांचे साज बनवत सुरू झाले, आणि लुई व्हिताँने १९३२ साली 'नोए' ही बादलीच्या घाटाची बॅग काढली ती शॅम्पेनच्या पाच बाटल्या नेता याव्यात म्हणून; म्हणजे साज काय आणि बादली काय, दोन्ही ओझ्यासाठीच. या बॅगेत मात्र सारा भार पेलणारी पट्टी एकेरी मशीनटाक्यावर सोडलेली होती. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाके उसवत जातात. माझे आप्पा टांग्याचे साज शिवत, ते एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून आणि त्या एकाच भोकातून दोन बाजूंनी काढून. तिथे एक टाका झिजला तरी दुसरे टोक शिवण धरून ठेवते.

अथणीहून आणलेल्या, बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याची नवी पट्टी मी कापली आणि तिच्या कडा रापीने पातळ केल्या. फाटलेल्या जागी आतून ठिगळ लावले. नवी भोके पाडायचा मोह टाळला, कारण भोके दाट झाली की चामडे टपाल तिकिटांच्या पानासारखे ओळीने फाटते. जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या दोऱ्याने, प्रत्येक टाका दोन्ही हातांनी सारख्याच जोराने ओढत शिवत गेलो. तेवढ्या चार बोटांच्या पट्टीला दुपार सरली.

रात्री बॅगेत पाच किलोचे वजन घालून ती खुंटीला टांगली. सकाळी पट्टी तसूभरही सरकलेली नव्हती. नवे चामडे जुन्यापेक्षा फिके दिसत होते, हे मी बाईंना आधीच दाखवले. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "असू दे काका, हात लागून होईल सारखं."