चाळीसवर आर्गॉन

सोमवारी सकाळी ग्लोव्ह बॉक्समध्ये हात घालून चेंबर उघडला. जुन्या रुपयाएवढी कॅल्शियम फ्लोराइडची चकती, आणि तिच्यावर काकवीच्या रंगाची पातळ साय. नायट्रोजनमध्ये पाच टक्के मिथेन मिसळायचं, गार करायचं, विजेच्या प्लाझ्मातून बहात्तर तास वाहू द्यायचं. चेंबरची खिडकी तीन दिवस जांभळट उजळलेली राहते आणि तळाशी हे साचतं. शनीच्या टायटन या चंद्रावर नारिंगी धुरकट थर साधारण असाच तयार होतो, तिथे काम सूर्याचे अतिनील किरण आणि शनीभोवतीचे इलेक्ट्रॉन करतात. अशा पदार्थाला कार्ल सेगन आणि मूळचे वाराणसीचे बिशुन खरे यांनी १९७९ मध्ये ‘थोलिन’ हे नाव दिलं. ‘स्टार-टार’, म्हणजे ताऱ्यांचं डांबर, म्हणायचा मोह झाला होता, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. मला तेच आवडलं असतं. डांबर ते डांबर!

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या तळघरात हे डांबर बनवते. घरी विचारतात तेव्हा ‘कढईचं कीट मोजते’ असं सांगते. ते फारसं खोटं नाही.

चकती इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटरला लावली; कोणता रासायनिक बंध कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो ते हे यंत्र आलेखावर दाखवतं. तीन मायक्रॉनला एन-एच, ३.४ ला सी-एच, ४.६ च्या आसपास नायट्राइल, सगळे हजर. पण ६.१ जवळच्या रुंद पट्ट्याला अलीकडच्या अंगाला, ५.८ वर, एक खांदा, म्हणजे छोटासा फुगवटा, होता. आधीच्या दोन खेपांतही तो होता; मी त्याला गोंगाट समजले होते. तीनदा आला म्हटल्यावर मात्र मला घाम फुटला, आनंदाने.

कारण अशा खांद्यांवर आमचं पोट आहे. जीजे १२१४ बी नावाचा, दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह २००९ साली सापडला, आपल्यापासून सुमारे ४८ प्रकाशवर्षांवर. हबल दुर्बिणीने त्याच्या वातावरणातून गाळून आलेला ताऱ्याचा प्रकाश मोजला आणि २०१४ मध्ये जो वर्णपट छापून आला तो सरळ रेघ होता. पाण्याची खूण नाही, मिथेनची नाही. वर ढग किंवा धुरकं असल्याशिवाय हे जमत नाही. आता तसं धुरकं प्रकाश किती शोषतं हे ग्रहावर जाऊन कोण मोजणार? मग टायटनसाठी १९८४ साली खरे आणि मंडळींनी मोजलेले आकडेच वर्षानुवर्षं कुठल्याही ग्रहाला लावले गेले. एका चंद्राचं कीट साऱ्या आकाशाला.

टायटनचा आणखीही एक उपयोग झाला. कॅसिनी यानाने टायटनआड मावळणारा सूर्य पाहिला होता. २०१४ मध्ये काही जणांनी त्याच नोंदी घेऊन, टायटन हा दूरचा ग्रह असता तर कसा दिसला असता ते काढलं. उत्तर फार बोचरं होतं. जमिनीवर दीड बार दाब, पण धुरक्यामुळे नजर पोचते ती फार तर दहाएक मिलिबारपर्यंत. खालचं सगळं झाकलेलं.

तर मी माझ्या खांद्याबद्दल गाइडना मेल लिहायला घेतली होती. तेवढ्यात आमचा व्हॅक्यूमचा मेस्त्री चहाचा कप घेऊन आत आला. वय सत्तरीच्या घरात, डिग्री नाही, सगळे प्रोफेसर त्याला वचकून असतात. आलेख बघून म्हणाला, “५.८ म्हणजे कार्बन-ऑक्सिजन. तुझ्या मिश्रणात ऑक्सिजन कुठून आला?”

“नाहीच आहे. मास स्पेक्ट्रोमीटरवर ३२ दिसतच नाही.” हे यंत्र वायू वजनाप्रमाणे वेगळे दाखवतं; ऑक्सिजनचं वजन ३२.

“प्लाझ्माने खाल्ला असेल. आर्गॉन खाल्ला जात नाही. चाळीस बघ.”

चाळीस हे आर्गॉनचं वजन, आणि आर्गॉन हवेत थोडा असतोच. चाळीसवर शिखर होतंच. मी लगेच वाद घातला: अॅसिटोनायट्राइलचे तुकडेही चाळीसवर येतात, आणि ते तर आम्हीच बनवतो. तो काही बोलला नाही, कप टेबलावर ठेवला. मी प्लाझ्मा बंद केला, सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला आणि पंपाला ओढू दिलं. बाकीची शिखरं बसत गेली. चाळीस बसेना, आर्गॉनचा सोबती वीसही (दुप्पट विद्युतभाराचा आर्गॉन तिथे दिसतो) बसेना. आणि प्लाझ्मा विझल्यावर ३२ हळूच वर आलं: नायट्रोजनच्या अठ्ठावीसच्या साधारण चौथाईएवढं, हवेत असतं तसंच. म्हणजे या खोलीतली हवा, दुसरं काही नाही.

मग हेलियमची बारीक नळी घेऊन एकेक सांधा हुंगत निघालो. चेंबर साफ. पंपाकडची बाजू साफ. मिश्रण गार करणाऱ्या नळीच्या सांध्यापाशी हेलियमचा चारचा आकडा उसळला, म्हणजे तो तिथून आत शिरत होता. सांधा सोडला तर काळ्या ओ-रिंगवर, म्हणजे सांधा हवाबंद करणाऱ्या रबरी कड्यावर, आडवा पडलेला एक केस. हातभर लांब. महिन्यापूर्वी तो सांधा मीच बसवला होता, आणि त्या लॅबमध्ये एवढे लांब केस फक्त माझेच आहेत.

मेस्त्रीने चिमट्याने केस उचलला, उजेडात धरला, आणि सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली.

तीन खेपा गेल्या. ऑक्सिजन असलेलं धुरकं हा खरा प्रश्न आहे, कार्बन डायऑक्साइड घालून तसे प्रयोग होतातही, पण किती हवा शिरली हेच माहीत नसेल तर त्या चकत्यांचा काय उपयोग? मेलचा मसुदा पुसला आणि दुसरी मेल लिहिली, दोन ओळींची. ती लिहायला जास्त वेळ लागला.

संध्याकाळी नवी ओ-रिंग बसवली. त्याआधी बाथरूममध्ये जाऊन अंबाडा घट्ट बांधला, वर जाळी लावली. रात्री साडेनऊला खिडकी पुन्हा जांभळी झाली. चाळीसवर सपाट रेघ होती. प्लाझ्मा पेटायच्या आधीच बघून ठेवली होती.